बसच्या पत्र्याचे तळवे

उजवा हात डोक्याच्या वर न्यायचा, हवेतली दोरी मुठीत धरायची, दोनदा ओढायची आणि तोंडाने म्हणायचं, "टन टन." मग पाऊल उचलायचं. आमचे भाऊ स्वतःच्या घरात मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत असे येत. येत, म्हणजे ज्या दिवशी येता येई त्या दिवशी. एरवी टन टन करूनही गाडी जागची हलत नसे. मग ते चौकटीत उभे राहून मला सांगत, "पायलट, गाडी बंद पडली बे. धक्का मारू नको. थांब."

पायलट म्हणजे मी. विमान मी कधी चालवलं नाही. पण अकोट-अकोला रस्त्यावर एकोणीस वर्षं एसटी चालवली आहे, आणि त्या रस्त्यावर माझी गाडी जमिनीपेक्षा हवेतच जास्त असायची. एकदा तर पूर्णेच्या पुलाआधी एका खड्ड्यात उडाली ती पुलानंतरच्या खड्ड्यात उतरली. पूल मधल्या मधे राहून गेला. खोटं वाटत असेल तर भाऊंना विचारा, असं मी पूर्वी सांगायचो. आता ती सोय राहिली नाही.

भाऊ माझे कंडक्टर. डायवरला कंडक्टर दिसत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? माझे डोळे पुढे, तो माझ्या पाठीमागे. एकोणीस वर्षांत मी त्यांचं तोंड जेवढं पाहिलं असेल त्याच्या शंभरपट त्यांची घंटी ऐकली. बाकीचे कंडक्टर विहिरीतून बादली ओढावी तशी दोरी ओढत. भाऊंची घंटी म्हणजे एखाद्या शहाण्या माणसाने दोनदा हळूच घसा खाकरावा तशी. पन्नास गाड्यांच्या घंट्या एकदम वाजवा, मी त्यातून त्यांची काढून दाखवीन.

आणि ती घंटी उशिरा यायची. त्यापायी माझी त्यांची भांडणं व्हायची. माणूस तिकीट देताना पैशाकडे बघतो, तोंडाकडे बघतो. भाऊ पायांकडे बघत. दारातल्या पायरीवर शेवटचा पाय चढून, आत येऊन, नीट टेकेपर्यंत ते दोरीला हात लावत नसत. एकदा वाटेतल्या एका थांब्यावर झेंडूच्या फुलांचं टोपलं घेऊन एक म्हातारी चढत होती. गुडघे गेलेले. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर, आणि मधे नुसता विचार. गाडीत आरडाओरडा सुरू झाला. मी आठ वेळा एक्सलेटर दाबून इंजिनचा दम दाखवला. घंटी नाही. शेवटी पुढचा एक तगडा माणूस उठला, म्हणाला, "थांबा, मी उचलून घेतो बुढीले."

"हात लावू नका," भाऊ म्हणाले. "तिचा पाय येऊन राहिला."

"कवा येईन तो पाय?"

"ज्याले घाई असन त्यानं उतरून पायी जावं. बुढी चढून राहिली."

ती इतक्या सावकाश चढली, की टोपल्यातल्या कळ्या तेवढ्या वेळात उमलल्या. हे मी आरशात पाहिलं आहे. मग टन टन.

दोघेही निवृत्त झालो. अकोल्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या टाकून त्यांचं घर. तीन खोल्या, एकामागे एक, आगगाडीच्या डब्यासारख्या. आधी त्यांचा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर असा काही वाजायचा, की शेजारची माणसं पूजा सुरू झाली समजून हात जोडत. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हाताचं भाऊंना काही वाटलं नाही. पुढे तो पायात उतरला, त्याचं मात्र वाटलं.

ही भानगड विचित्र असते. मोकळ्यात माणूस चालतो. दार आलं, की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात आम्ही ऐकलंच नाही. आणि घरात दाराशिवाय असतं काय? भाऊंनी पलंगाचं नाव अकोट ठेवलं. मधलं दार अकोला. न्हाणीचं दार मूर्तिजापूर आणि बाहेरचं फाटक अमरावती. वहिनी फोनवर सांगायच्या, "भाऊजी, आज सकायपासून अकोल्यालेच हायेत." म्हणजे मी समजायचो.

एकदा वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी सहज गेलो, हाक मारली, तर आतून आवाज आला, "या, बसा." आत जाऊन बघतो तर भाऊ न्हाणीच्या दारात. कंबरेला पंचा, दोन्ही हात चौकटीला, मागे नळ सुरू, आणि पाण्याने सगळी न्हाणी भरून पाणी त्यांच्या पायांवरून खोलीत आलेलं. किती वेळ उभे होते, देव जाणे. मी म्हणेन दोन तास, वहिनी म्हणतात पाऊण. पोटऱ्या थडथड उडत होत्या.

मी पुढे झालो. "हात नको लावू," ते म्हणाले. "नळ बंद कर आन बस."

मी नळ बंद केला आणि त्या पाण्यात बसलो.  पाणी ओसरत आलं तेव्हा ते म्हणाले, "तीस वर्सं लोकायले 'पुढं सरका, पुढं सरका' म्हनलं बे पायलट. सरकता येत नसन कोनाले, असं कदी वाटलंच नाई."

पण हे खरं नव्हतं. त्यांना वाटलेलं होतं. टोपलं घेऊन चढणाऱ्या म्हातारीच्या वेळी मला वाटलं नव्हतं.

खऱ्या अमरावतीला व्यायामोपचाराच्या एका कॉलेजात अशा पायांची चाल तपासतात, असं कुणीतरी सांगितलं. त्यांच्या पुण्यातल्या पोराने फोनवर गाडी ठरवून दिली. भाऊंनी ती परत पाठवली. "एसटीनं जाऊ," म्हणाले. मी मनात म्हटलं, आज हा माणूस बसच्या दारात मुक्कामच करणार.

आणि ऐका. स्टँडवर गाडी लागली, भाऊंनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, आणि चढले. आत गेले. दोन बाकांच्या मधून, कुठेही न थांबता, शेवटच्या सीटपर्यंत गेले आणि तिथून परत आले, जसं तिकिटं संपवून यावं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या मागे होतो, पहिल्यांदाच त्यांना गाडीत चालताना बघत होतो. मी खाली बघितलं. बसच्या वाटेवर तो पत्रा असतो ना, तांदळाएवढ्या उठावदार दाण्यांचा, पाय घसरू नये म्हणून लावलेला? भाऊंच्या चपलेचे तळ झिजून कागद झाले होते. तो पत्रा त्यांच्या पायाला थेट लागत होता.

कॉलेजातल्या मॅडमनी त्यांच्या पोटऱ्यांना आणि नडग्यांना चिकटपट्ट्या लावल्या, त्यातून वायरी काढल्या. आधी सपाट तळव्याचे बूट घालून चालवलं. मधे मुद्दाम एक नुसती चौकट उभी केली होती. भाऊ तिथे अडकले. मग बुटात दाणेदार रबरी तळवे घातले. भाऊ थबकले, पण अडकले नाहीत. दोन लहान पावलं आणि पार. कॉम्प्युटरवर रेघा नाचत होत्या. मॅडमनी कागद छापून काढला.

"काय बाई, माह्या पोटरीचं तिकीट फाडलं का?" भाऊ म्हणाले.

मॅडम हसल्या. मग समजावून सांगितलं. पाऊल टाकताना नडगीचा स्नायू आणि पोटरी आळीपाळीने काम करतात. भाऊंच्या पायात सपाट तळव्यावर दोन्ही एकदम ओढत होते.

"म्हंजे ब्रेक आन एक्सलेटर एकाच वेळी," मी म्हणालो.

"साधारण तसंच, काका. तळव्याला दाणे टोचले, की पाय कुठे आहे याची खबर वर जास्त जाते. त्यांच्या रेघा थोड्या सुट्या झाल्यात, बघा. पण सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, आणि किती दिवस टिकतो तेही आम्ही अजून तपासतोय. हे तळवे नमुन्याचे आहेत, परत लागतील. तुमच्या मापाचे मऊ बनवून पाठवू. थोडा वेळ लागेल."

थोडा वेळ लागेल. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या पायासाठी वाट पाहिली त्या माणसाने हे ऐकून मान डोलावली. मी नाही डोलावली. मी डायवर. थांबणं हा माझ्या धंद्यातला दोष. पत्ता मी माझा दिला आणि परतीच्या प्रवासात माझं डोकं त्या पत्र्यावर गरगरत होतं.

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेलो. तिथे एका जुन्या बसचा सांगाडा पडला होता. मी सगळ्यांना सांगतो की ती आमचीच गाडी होती. नसेलही. तिच्या मधल्या वाटेवरचा पत्रा कापून घेतला, भाऊंच्या कापडी बुटाच्या मापाने दोन तळवे काढले, कडा कानशीने घासल्या आणि बुटात चिकटवले. मॅडमचे दाणे रबराचे होते. मी म्हटलं, नकली मालापेक्षा असली काय वाईट?

भाऊंनी बूट घातले. उभे राहिले. हात वर नेला, दोनदा ओढला. टन टन. अकोला पार. बाहेरची खोली पार. फाटक मी उघडून धरलं. अमरावतीही पार! भाऊ गल्लीत.

"पाय ओयखते बे पत्र्याले," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मी धुळीला दोष दिला.

पुढचे चार दिवस काय सांगू तुम्हाला? भाऊ चौकात गेले. भाऊंनी टपरीवर उभ्याने चहा घेतला. रस्त्यातली कुत्री उठून उभी राहिली, एका रिक्षावाल्याने सलाम केला, नगरसेवक वाट सोडून बाजूला झाला. यातली कुत्री तरी नक्की उठली होती. चालताना बुटातून पत्रा वाजायचा, खट् खट्, आणि गल्लीतले लोक म्हणायचे, भाऊंची गाडी आली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "सोमवारी अकोटले जाऊ. तू मायाजवळ बस. मंग मी तुले दाखवीन का कंडक्टरच्या जागेवरून डायवर किती भैताड दिसते ते."

सोमवार आला नाही. रविवारी वहिनी मोजे धुवायला घेऊन बसल्या, आणि पाणी लाल झालं.

पत्र्याची एक कड माझ्या कानशीतून सुटली होती. टाच कापली होती, खोल. एक दिवसाची नव्हे, चार दिवसांची जखम. भाऊ दोन दोन मोजे घालून वर बूट चढवत होते.

"काहून नाई सांगितलं?" मी ओरडलोच.

पलंगावर पाय लांब करून ते शांत पडले होते. म्हणाले, "सांगितलं असतं तं तू पत्रा काढला असता."

मी अमरावतीला मॅडमना फोन केला. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "काका, दाणे मऊ असतात त्याला कारण असतं हो."

पोरगा पुण्याहून आला. वाईट नाही तो. बापाचा पाय मांडीवर घेऊन त्याने स्वतः पट्टी बदलली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"   जखम भरेपर्यंत चालणं बंद, आणि बाबांना मी घेऊन जातो, असं त्याने सांगितलं. पुण्यात अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, चोवीस तासांची बाई ठेवता येईल. वहिनींनी दोन पेट्या भरल्या. एकीत हिवाळ्याचे कपडे होते आणि दिवस उन्हाळ्याचे होते. तेव्हा मला कळलं, हे 'काही दिवस' नाहीत.

भाऊंनी एकच अट घातली. "मले उचलू नका. या घरातून मी पायानं निंगीन."

जखम भरल्यावर, जायच्या सकाळी, पायात मऊ सपाता चढवलेल्या. बाहेर गाडी उभी. शेजारी जमलेले. भाऊ मधल्या खोलीतून निघाले आणि अकोल्याला अडकले. चौकटीत. गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग आणखी एकदा दिला. त्यांच्या पोटऱ्या पायजम्याच्या आत उडत होत्या. ते हात वर न्यायला बघत होते, पण त्या दिवशी हात खांद्याच्या वर जाईना. दोरी होती तिथेच होती, मुठीत येत नव्हती.

पोरगा पुढे झाला. "बाबा, मी धरतो. दोन मिनिटांचं काम आहे. कोणी काही म्हणत नाहीये."

माझ्या आतून आवाज आला, तो माझा नव्हताच. "हात लावू नको. पाय येऊन राहिला."

पोरगा थांबला. भाऊंनी त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पायलट, तू दे घंटी."

मी आजूबाजूला शोधलं. मोरीपाशी एक धुतलेलं ताट राहिलं होतं, आणि चमचा. मी ताट उचललं आणि वाजवलं.

"अशी नाई बे," भाऊ चौकटीतून म्हणाले. "ही तं शायेची सुट्टी झाली. दम खाऊन दे."

मी दम खाल्ला. दोनदा हळूच घसा खाकरावा तसं वाजवलं. टन... टन.

डावा पाय आला. मग उजवा. बाहेरच्या खोलीच्या दारात पुन्हा अडकले, पुन्हा ताट. फाटकाशी तिसऱ्यांदा. हॉर्नवाला गाडीतून उतरून गपगुमान बघत होता. भाऊ गाडीत बसले. दार लावताना त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. "मांगं हो," म्हणाले, "चाकाखाली येशीन."

ताट माझ्याच हातात राहिलं. वहिनी म्हणाल्या, राहू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, न्हानीच्या दारात हायेत. कोनालेच हात लावू देत नाईत. तुमाले घंटी मांगून राहिले." मी ताट घेतलं, फोन तोंडाजवळ धरला आणि अकोल्यातून पुण्याला डबल घंटी दिली. फोनमधून सपातांचा आवाज आला, एक, दोन. मग वहिनी म्हणाल्या, "गेले."

मग रोजच सुरू झालं. सकाळी भाऊंच्या आंघोळीची वेळ झाली, की मी ताट-चमचा घेऊन फोनपाशी बसायचो. आमची मंडळी म्हणायची, "लोक देवापाशी बसतात, तुमी ताटापाशी." कधी एका घंटीत काम व्हायचं, कधी सात लागायच्या. पहिल्यांदा मी घाई करायचो. मग शिकलो. फोनमधून नुसता श्वास ऐकू यायचा, आणि मधेच भाऊ म्हणायचे, "थांब. पाय येऊन राहिला." मी थांबायचो. हे शिकायला मला निवृत्त व्हावं लागलं.

त्या फ्लॅटची फरशी आरशासारखी आहे म्हणे. "पाय ठेवला तं खालून आपनच वर पाहून राहिलो," भाऊ म्हणायचे. "काईच सांगत नाई बे ही फरशी." पुढे कॉलेजातून त्यांच्या मापाचे तळवे माझ्या पत्त्यावर आले. मऊ, बारीक दाण्यांचे, कुठे कड नाही. मी ते त्याच दिवशी पुढे पाठवले. फरक पडला. सातच्या तीन घंट्या झाल्या. ते खोलीतून गॅलरीपर्यंत जायला लागले. मी खूश होऊन विचारलं, "मंग? कसे हायेत तळवे?"

"तळवे लय चांगले हायेत," भाऊ म्हणाले. मग म्हणाले, "पन जाऊ कुठी?"

गॅलरीला जाळी होती. खाली अकरा मजले. तिथून रस्त्यावर एसटी दिसते, पण एवढी लहान, की कोण चढतो कोण उतरतो कळत नाही, असं त्यांनी सांगितलं.

एका सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. मी ताट हातात घेऊनच उचलला.  मी म्हटलं, "देऊ का?"

"नाई भाऊजी," त्या म्हणाल्या. "आज घंटी नको."

ते ताट आमच्याकडे जेवायला घेत नाहीत. कोणी ठरवलेलं नाही, पण घेत नाहीत.

मी आता अधूनमधून अकोटची गाडी पकडतो. काम काही नसतं. दारासमोरच्या सीटवर बसतो, चपला काढतो आणि पाय पत्र्यावर ठेवतो. कोणी म्हातारं माणूस चढायला लागलं, एक पाय वर, एक खाली, आणि डायवर इंजिनचा दम दाखवायला लागला, की मी ओरडतो, "थांब बे! पाय येऊन राहिला!" लोक माझ्याकडे बघतात. मी पायरीकडे बघतो. चढणारा चढतो. कंडक्टर दोरी ओढतो. ती घंटी चूक असते, फार घाईची.

तरी गाडी सुटते.